सही करण्यापूर्वी कागद घरी आणा : जर्मनीतील ऑफिसात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मी २०११ मध्ये पुण्याहून स्टुटगार्टला आले, तेव्हा घरभाडे, विमा, कचरा वेगळा करण्याचे नियम, रविवारी बंद असणारी दुकाने यांविषयी सांगणारे पुष्कळ जण भेटले. ऑफिसात कोणाच्या शब्दाला किती वजन आहे आणि आपल्याविरुद्ध काही शिजत असेल तर ते कशावरून ओळखावे, हे मात्र कोणीच सांगितले नाही, आणि त्याची किंमत मला मोजावी लागली. आता दर वर्षी चाकणच्या कारखान्यांतून आणि हिंजवडीच्या कंपन्यांतून नवी मुले-मुली येथे येतात, मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या दोन-तीन पातळ्या पूर्ण करून येतात आणि मी जेथे ठेच खाल्ली नेमकी तेथेच ठेच खातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जर्मन माणूस सरळ असतो, त्यामुळे येथे ऑफिसात राजकारण नसते, असे आपल्याकडची मंडळी ठामपणे सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. राजकारण येथेही आहे, फक्त त्याची जागा वेगळी आहे. साहेबांच्या पुढे पुढे करून येथे फारसे काही मिळत नाही, उलट तसे करणाऱ्याकडे सगळे संशयाने पाहतात. खरी चढाओढ असते ती अखत्यारीची. ‘त्सुश्टेंडिश’ हा शब्द पहिल्या आठवड्यातच शिका. अमुक काम कोणाच्या अखत्यारीत येते, हे तो सांगतो आणि त्या रेषेला हात लावलेला येथे खपत नाही. मी रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या चाचणीच्या तक्त्यात चूक दिसली. त्याला मदत व्हावी म्हणून संध्याकाळी थांबून मी तो तक्ता दुरुस्त केला आणि सगळ्या गटाला पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला, हातातला कॉफीचा कप खाली ठेवला आणि अगदी शांत आवाजात म्हणाला, “हा माझा विषय आहे.” बस, एवढेच. पुढचे वर्षभर त्याने माझ्या एकाही मेलला वेळेवर उत्तर दिले नाही. आपल्याकडे जो मनाचा मोठेपणा ठरला असता, तो येथे दुसऱ्याच्या अंगणात न विचारता शिरणे ठरला. चूक दिसली तर एकट्यात सांगा, दुरुस्ती ज्याची त्याला करू द्या आणि मेलच्या प्रतीत त्याच्या वरिष्ठांचे नाव कधीही घालू नका. वरिष्ठांना डावलून त्यांच्या वरच्याकडे जाणे तर त्याहून वाईट. मी तेही केले आणि त्याचे काय झाले, ते पुढे येईलच.

आता ‘हो’ या शब्दाविषयी. आपल्या तोंडी ‘हो, होऊन जाईल’ हे वाक्य इतके रुळलेले असते की ते वचन आहे, असे आपल्याला वाटतही नाही. समोरच्याचे मन मोडू नये म्हणून आपण हो म्हणतो, आणि पुढे अडचण आली तर तो समजून घेईल, असे गृहीत धरतो. येथे हो म्हटले की तारीख लिहिली जाते. शुक्रवारी काम झाले नाही, तर प्रश्न उशिराचा राहत नाही. हा माणूस शब्दाचा पक्का नाही, अशी नोंद मनात होते आणि ती पुसायला वर्षे लागतात. उलट बैठकीतच “हे शुक्रवारपर्यंत होणार नाही, बुधवारपर्यंत होईल, कारण यंत्र सोमवारी मोकळे होते” असे सांगितले, तर कोणालाही राग येत नाही. नकार देताना कारण आणि पर्यायी तारीख द्या, माफी मागत बसू नका. हे जमायला मला तीन वर्षे लागली आणि अजूनही थकलेल्या दिवशी जीभ ‘हो’कडेच वळते, म्हणून हे वारंवार सांगते.

बैठकीनंतर जे ‘प्रोटोकोल’, म्हणजे इतिवृत्त, येते ते अथपासून इतिपर्यंत वाचा. तुमच्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेले असेल किंवा तुम्ही न घेतलेली जबाबदारी तुमच्या नावापुढे लागली असेल, तर त्याच दिवशी दोन ओळींत दुरुस्ती कळवा. मी अशा वेळी गप्प बसत असे, कारण बोलले तर भांडखोर दिसेन, अशी भीती वाटे. सहा महिन्यांनी वाद झाला, तेव्हा सगळ्यांनी ते जुने कागद काढले आणि त्यांत माझे नाव फक्त उशीर झालेल्या कामांपुढे होते.

स्टुटगार्टच्या परिसरात स्वाबिश लोकांची एक म्हण आहे, ‘नेट ग्शिम्फ्ट इश ग्नुग ग्लोप्ट’. रागावलो नाही यातच कौतुक आले, असा तिचा अर्थ. वरिष्ठ स्तुती करत नाहीत म्हणून ते नाराज आहेत, असे समजून झुरणारी मुले मी पाहिली आहेत. तसे समजू नका, पण वर्षातून एकदा होणाऱ्या औपचारिक चर्चेत आपले काम कसे वाटते, हे स्पष्ट विचारा आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवा.

जे भारतीय कंपनीतर्फे ग्राहकाच्या ऑफिसात बसायला येतात, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तुमचे ओळखपत्र वेगळ्या रंगाचे असेल, मेलच्या पत्त्यात तुम्ही बाहेरचे आहात हे दिसेल, नाताळच्या जेवणाचे आमंत्रण कदाचित येणार नाही आणि शेजारी बसलेला ग्राहकाचा माणूस तुम्हाला थेट काम सांगायचे टाळेल. हा कातडीच्या रंगावरून केलेला भेद आहे, असे समजून अनेक जण मनात कढत राहतात. बहुतेक वेळा कारण कायद्याचे असते : बाहेरच्या कंपनीच्या माणसाला आपल्या नोकराप्रमाणे वागवले, तर तो आपलाच नोकर ठरण्याचा धोका त्या ग्राहक कंपनीला असतो. खरा भेदभावही घडतो आणि तो घडला तर गप्प बसू नये, पण दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे.

आपल्याच माणसांविषयी लिहिणे अवघड आहे, तरी लिहिते. परदेशात मराठी बोलणारे कोणी ऑफिसात भेटले की जीव भांड्यात पडतो, आणि पहिल्याच महिन्यात आपण पगार, वरिष्ठांविषयीची तक्रार आणि दुसरीकडे दिलेली मुलाखत हे सगळे सांगून मोकळे होतो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत बोललेले वाक्य सोमवारी ऑफिसात पोहोचलेले मी अनुभवले आहे. सांगणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. परक्या देशात आपली माणसे थोडी असतात आणि बोलायला विषयही थोडे असतात. मदत करणारी मराठी माणसे मला येथे पुष्कळ भेटली, अडीअडचणीला रात्री धावून आली, पण नोकरीची गोष्ट मी आता फक्त दुसऱ्या कंपनीतल्या मैत्रिणीशीच बोलते. कॉफीच्या यंत्रापाशी जर्मन सहकारी उभे असताना आपसांत मराठी किंवा हिंदी बोलू नका. विषय पावसाचा असला तरी आपण त्यांच्याविषयीच बोलतो आहोत, असे त्यांना वाटते. आणि आपल्यातला एखादा वरिष्ठ झाला की तो आपल्याला सांभाळून घेईल, ही आशा सोडा. पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून तो बहुधा आपल्यालाच जास्त कडक वागवतो.

आता माझी चूक. कृपया हा भाग दोनदा वाचा.

आमच्या गटाचे काम कमी झाले होते आणि वर सांगितलेल्या वादात मी वरिष्ठांना डावलून विभागप्रमुखांना लांबलचक मेल लिहिला होता. त्यानंतर महिन्याभराने, एका गुरुवारी दुपारी तीन वाजता मला एका लहान खोलीत बोलावले गेले. आत विभागप्रमुख आणि ‘पर्सोनालअब्टाइलुंग’च्या, म्हणजे मनुष्यबळ विभागाच्या, एक बाई होत्या. टेबलावर पाण्याची बाटली, तीन पेले आणि दोन पानांचा कागद होता, आणि कागदावर पेन आडवे ठेवलेले होते. दोघेही अतिशय सौजन्याने बोलत होते. परस्परसंमतीने वेगळे होऊ, तुमच्या नोंदीवर डाग राहणार नाही, असे त्यांनी सांगितले. मला शब्द कळत होते, त्यांचा परिणाम कळत नव्हता. डोक्यात फक्त व्हिसा होता. मोठ्या माणसांना ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही, असेही वाटले. वीस मिनिटांत मी सही केली.

त्या कागदाला ‘आउफहेबुंग्सफेरट्राग’ म्हणतात. त्यावर सही केली की कंपनीने तुम्हाला काढले असे होत नाही, तुम्ही राजीखुशीने गेलात असे होते. म्हणून कंपनीला कारण द्यावे लागत नाही आणि कर्मचाऱ्यांच्या निवडून आलेल्या मंडळाचे म्हणणेही ऐकावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी मन बदलले तरी उपयोग नसतो. असा करार तेवढ्यावरून मागे घेण्याचा हक्क नाही, तो घरी बसून केला असला तरीही नाही, हे जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय नोकरी आपण होऊन सोडली, असे धरून बेकारी भत्ता सामान्यतः १२ आठवडे रोखला जातो आणि भत्त्याच्या एकूण मुदतीतूनही किमान एक चतुर्थांश कापला जातो. भत्ता आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, असतो. तो मला तीन महिने मिळाला नाही. ते तीन महिने आम्ही आईने मुदत ठेव मोडून पाठवलेल्या पैशांवर काढले.

म्हणून एक वाक्य पाठ करा : “इश म्योख्टे दास इन रुहे त्सु हाउझे लेझन.” हे मला शांतपणे घरी वाचायचे आहे, असा त्याचा अर्थ. ते म्हणा, कागद उचला आणि बाहेर पडा. आजच सही करा, उद्या हा प्रस्ताव राहणार नाही, असे सांगितले तर समजा की घाई त्यांना आहे. घासाघीस तेथूनच सुरू होते.

कंपनीने रीतसर काढले, तर त्या नोटिशीवर शाईची सही असलेला कागद लागतो. मेलवर किंवा तोंडी दिलेली नोटीस कायद्याने चालत नाही. कागद हाती पडल्यापासून ३ आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात दावा दाखल करावा लागतो; ती मुदत चुकली की सहसा सगळेच संपते. दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी सहा महिने पूर्ण झाल्यावर कंपनीला काढण्याचे सबळ कारण दाखवावे लागते. पहिले सहा महिने बहुधा परीक्षाकाळ असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर निरोप मिळू शकतो, तेव्हा त्या काळात फक्त पाहा आणि शिका. पहिल्या पायरीवर दावा जिंकलात, तरी आपल्या वकिलाचे पैसे आपणच भरायचे असतात. त्यामुळे कायदेशीर खर्चाचा विमा सगळे सुरळीत असतानाच काढा, कारण नोकरीच्या वादांसाठी त्यात बहुधा तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. नाहीतर कामगार संघटनेचे सभासद व्हा. आमच्या भागात ती बहुधा ‘ईगे मेटाल’ असते आणि तिची वर्गणी मासिक ढोबळ पगाराच्या १ टक्का आहे. नोकरी गेली त्या दिवशी ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना, सामान्यतः आपोआप रद्द होत नाही, पण परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावे लागते. बी-वन, म्हणजे मध्यम, पातळीचे जर्मन असेल तर ब्ल्यू कार्डधारकाला २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. व्हिसाची भीती मनातून जाण्याचा हाच मार्ग आहे, म्हणून भाषेचा वर्ग सोडू नका.

कर्मचाऱ्यांच्या मंडळाला ‘बेट्रीब्सराट’ म्हणतात. माझ्या कंपनीत ते तिसऱ्या मजल्यावर होते आणि मी तेथे एकदाही गेले नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढल्यामुळे युनियन म्हटले की गेटवरच्या सभा, झेंडे आणि टाळेबंदी एवढेच डोळ्यांसमोर येई, आणि शिकलेल्या इंजिनिअरने तिकडे फिरकू नये, असे घरात ऐकलेले होते. येथे इंजिनिअरही तेथे जातात. मंडळ असेल तर त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणालाही काढता येत नाही, तसे काढले तर ती नोटीस रद्दबातल ठरते. वरिष्ठांशी मूल्यमापनाची चर्चा असेल, तर मंडळाचा एक सदस्य सोबत नेता येतो आणि तो गुप्तता पाळतो. निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि तिच्यात मत द्यायला जर्मन नागरिकत्व लागत नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तेथे जाऊन नाव सांगून या, काही तक्रार नसतानाच.

वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस असतो, त्यानेच आणायचा असतो. ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणण्याची परवानगी मोठ्यांनी द्यावी, तोवर ‘झी’, म्हणजे ‘आपण’, म्हणा. आजारी असाल तर काम सुरू होण्याआधी कळवा.

शेवटचा विषय कामाच्या प्रमाणपत्राचा, ‘त्सॉयग्निस’चा. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याची भाषा वरवर गोडच असते. ‘श्टेट्स’ म्हणजे ‘सदैव’ आणि ‘फोलस्टन’ म्हणजे ‘पूर्णतम’, हे दोन्ही शब्द समाधानापुढे असतील तर ते उत्कृष्ट. नुसतेच ‘आमच्या पूर्ण समाधानाने’ असेल तर मध्यम. आणि ‘प्रयत्न केला’ असे लिहिले असेल तर पुढची कंपनी ते बाजूला ठेवते. मला मिळालेल्या प्रमाणपत्रात ‘सदैव’ नव्हते आणि ते मला एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी कळवळून सांगितले. वरिष्ठ बदलणार असे कळले की नोकरी चालू असतानाच अंतरिम प्रमाणपत्र मागा, वरिष्ठ बदलणे हे त्यासाठी पुरेसे कारण आहे. वरिष्ठ जाण्याच्या आठवड्यात ते मागू नका, तेव्हा त्यांच्या टेबलावर खोकी असतात. महिनाभर आधी मागा.