ग्रीक वारशावर डॉक्युमेंटरीसाठी वर्गणी काढताय? मग या चुका टाळा

मेलबर्नमध्ये किती ग्रीक आहेत हे इथल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, ओकली या उपनगरात एकदा कॉफी प्यायला गेलं की कळतं. त्यांच्या मंडळांमधून दर थोड्या दिवसांनी कुणीतरी उठतं आणि म्हणतं, आपल्या प्राचीन वारशावर डॉक्युमेंटरी करूया, लोक पैसे देतील. लोक देतातही, प्रॉब्लेम तो नाहीच आहे. अशा काही टीम्सचे हिशोब मी बघितलेत आणि आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी पैसे आणि मग परवानगी. ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळावर व्यावसायिक शूटिंग करायचं तर सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते, फी भरावी लागते, २००२ च्या ३०२८ नंबरच्या कायद्यापासून हे स्पष्ट आहे. अर्ज त्या भागाच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे जातो आणि प्रकरण नाजूक असेल तर थेट केंद्रीय पुरातत्त्व परिषदेपुढे. आणि ही परिषद कुणाची भीडभाड ठेवत नाही. २०१७ मध्ये गुची या फॅशन कंपनीला अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर फॅशन शो करायचा होता, नाही म्हणाले. २०२५ मध्ये यॉर्गोस लँथिमॉस, म्हणजे त्यांचाच घरचा, जगभर नावाजलेला दिग्दर्शक, त्यालाही ॲक्रोपोलिसवर शूटिंगला नकार. मग तुमचा भाचा आणि त्याचा नवीन कॅमेरा कोण लागून गेला?

एका टीमचं सांगतो. डेल्फीवर, म्हणजे ग्रीसमधल्या प्राचीन तीर्थस्थळावर, फिल्म करायची होती. हॉलमध्ये नाचगाण्याची रात्र ठेवली, सुवलाकी (सळईवर भाजलेलं मांस) विकली, रॅफल म्हणजे बक्षिसाची लॉटरी काढली, आज्यांनी पर्समधून नोटा काढून दिल्या. पैसे जमले तशी तिकिटं काढली, तीही ऑगस्टची, कारण सगळ्यांना तेव्हाच सुट्टी मिळत होती. ऑगस्टच्या मध्यावर ग्रीसमध्ये १५ तारखेचा मेरीमातेचा मोठा सण असतो, अर्धं ऑफिस गावाला गेलेलं, आणि यांनी अर्ज टाकला तो निघायच्या तोंडावर! दिग्दर्शक म्हणे "तिथे गेल्यावर बघू, ग्रीक माणसं समजून घेतात." थिएटरच्या पायऱ्यांजवळ ट्रायपॉडचे पाय उघडून होतायत तोवर गार्ड बाई चालत आल्या, काही आरडाओरडा नाही, नुसतं ट्रायपॉडकडे बोट आणि मग गेटकडे बोट. दिग्दर्शकाने डॉक्युमेंटरी, कम्युनिटी, ऑस्ट्रेलिया सगळं सांगून झालं, बाईंनी ऐकून घेतलं आणि परत गेटकडे बोट केलं. मग काय, हॉटेलचं बिल चढत होतं आणि हे लोक कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून झूम करून खांब टिपत होते. ड्रोनची पेटी उघडलीसुद्धा नाही, कारण त्याची परवानगी अजून वेगळी. परत आल्यावर हॉलमध्ये कच्चं फुटेज दाखवलं तर एक आजी रॅफलच्या तिकिटाचा तुकडा हातात धरून विचारते, यात देऊळ कुठाय? कुणाकडे उत्तर नव्हतं.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. अर्जाची पोच आल्याशिवाय मी टार्गेटचा आकडा लिहूच देत नाही. भांडणं होतात, होऊ देत.

याचीच धाकटी बहीण म्हणजे एका फिल्ममध्ये डेल्फी, इफेसस आणि सिसिलीतलं अग्रिजेंतो, तिन्हीचं वचन देऊन मोकळं होणं. वारसा ग्रीक असला तरी इफेसस तुर्कस्तानात आहे आणि अग्रिजेंतो इटलीत. तीन देश, तीन वेळा कागदपत्रं, तीन वेळा विमान. एकच जागा घ्या आणि नीट करा ना.

आता बक्षिसं. हे मला कधीच कळलेलं नाही. गणपतीची वर्गणी देताना आपण पावती मागतो, टी-शर्ट नाही मागत. पण ऑनलाईन कॅम्पेन म्हटलं की लगेच कॉफीचे मग, टी-शर्ट, अथेन्सच्या घुबडाच्या नाण्याची कॉपी. मग छपाई, पॅकिंग, पोस्ट, आणि पोस्टाचा खर्च कुणी धरलेलाच नसतो. वर किकस्टार्टर ही वर्गणीची वेबसाईट ५ टक्के घेते आणि पेमेंटचे चार्जेस वेगळे. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियात असाल तर डॉक्युमेंटरी ऑस्ट्रेलिया या संस्थेकडून प्रोजेक्ट मंजूर करून घ्या, मग देणाऱ्याला २ डॉलरपासून पुढच्या देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते. अट एकच, त्याला बदल्यात वस्तू द्यायची नाही. रॅफलच्या तिकिटावरही सूट नाही. म्हणजे जो माणूस मोठा चेक देऊ शकतो त्याला तुम्ही टी-शर्ट देऊन उलट त्याचं नुकसान करताय. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, तेव्हा मे-जूनमध्ये मागा, जुलैत मागून काय उपयोग.

बाकीच्या पटापट:

टार्गेट पूर्ण झालं नाही तरी जमलेले पैसे ठेवता येतील असा ऑप्शन घेऊ नका. एक तृतीयांश पैशात फिल्म होत नाही, फक्त डोक्यावर देणं होतं. किकस्टार्टरला टार्गेट गाठलं नाही तर कुणाच्या कार्डाला हात लागत नाही, मला तेच प्रामाणिक वाटतं.

प्राचीन ग्रीक कवी होमर फुकट आहे, होमरचं नवं भाषांतर नाही. निवेदनात चार ओळी घेतल्या तरी प्रकाशकाला विचारा.

म्युझियमच्या वेबसाईटवरचा फोटो म्हणजे आपला फोटो नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून हजारो फोटो पूर्ण मोकळे केलेत, ब्रिटिश म्युझियमच्या फोटोंना मात्र सहसा बिगर-व्यावसायिक वापराची अट असते. आधी मेटमध्ये शोधा.

"प्राचीन ग्रीक संगीत" म्हणून यूट्यूबवरून उचलू नका. सेइकिलॉसच्या दगडावर कोरलेलं प्राचीन ग्रीक गाणं दोन हजार वर्षांच्या आसपासचं असेल, पण तुम्ही उचललेलं रेकॉर्डिंग कालपरवाचं असतं आणि ते कुणाच्या तरी मालकीचं असतं.

ॲक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळाचा स्वच्छ, मोकळा शॉट वर्गणी मागायच्या व्हिडिओत कबूल करू नका. तिथे १९७५ पासून समिती दुरुस्ती करतेय, परांची कधी कुठे असेल ते तिचं ती ठरवते. आणि उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवतात, मग तुमचं शेड्यूल गेलं.

पहिल्या आठवड्यातले पैसे अनोळखी लोकांकडून येत नाहीत. लिंक टाकायच्या आधी जवळच्यांना फोन करा, हॉलमध्ये जाऊन आज्यांशेजारी बसा. मेसेज फॉरवर्ड करून वाट बघत बसणाऱ्यांचे हिशोब मी आता घेत नाही.