सीएसआरचा निधी अडला परिशिष्ट-१ पाशी

लातूरकडच्या आमच्या संस्थेचा पाणलोटाचा प्रस्ताव कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठीच्या छाननीत अडकला. १२-ए, ८०-जी (आयकर खात्याच्या नोंदण्या), दर्पण (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंद), सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) सगळं होतं. घोळ परिशिष्ट-१ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यात निघाला: वारलेले विश्वस्त तिथं कायम, दर्पणवर मात्र नवे. छाननीवाले हे दोन कागद शेजारी ठेवूनच बघतात.

उपाय एकच, धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचं कळवणारा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ चा बदल अहवाल. मुदत बदलापासून ९० दिवस; ती उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज, कारणासकट. सोबत सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्यांची पोच, इतिवृत्त, ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं. नोटिशीची पोच नसली की अहवाल तिथंच रखडतो. बाकी कागद मागाहून जमतात, सह्या नाही जमत. उताऱ्यावर ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानदेव’ असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच लावा.

मंजुरीला वेळ लागतो. तोवर दाखल अहवालाची पोच आणि वकिलाचं पत्र कंपनीला दिलं, त्यांनी ते चालवून घेतलं. सगळेच घेतील असं नाही.

त्याच फायलीत १२-ए, ८०-जीची तारीख बघून ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी भरावा लागतो.