विदर्भाच्या उन्हात अन् काळ्या मातीत कॅम्पिंग ट्रेलर कसा सांभाळावा, त्यात काय काय वाढवावं

आता आपल्या इकडेही लोकं बोलेरो-स्कॉर्पिओच्या मागं झोपायचा ट्रेलर लावून फिरून राहिले, कोणी लोणारला जाते, कोणी चिखलदऱ्याला, कोणी नागझिऱ्याकडे. पण ट्रेलर सांभाळायचे जे सल्ले मिळतात ते सगळे थंड देशातले, पाइपात बर्फ होऊ नये म्हणून काय करा वगैरे. आपल्याला बर्फाचं काय करायचं? आपले वैरी तीन, मे महिन्याचं ऊन, पावसाळ्यातली काळी माती आणि जड पाणी. या तिघांच्या हिशोबानं कामं सांगतो. आधी चाकं, मग छत, मग पाणी, आणि हे सगळं धड झाल्यावरच बॅटरी-सोलरचा खर्च. पुष्कळ जण उलटं करतात, आधी लाइटा आणि फ्रीज लावतात अन् बेअरिंग उघडूनही पाहत नाहीत.

कामाला लागायच्या आधी एक कागदाची गोष्ट. ट्रेलर कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो. जुना विकत घेऊन राहिले असाल तर पहिले हे कागद पाहा, गादी-पडदे मग.

चाकं, हब, बेअरिंग

यासाठी नागपूर-अमरावतीला जायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी जो ट्रॅक्टरची ट्रॉली बनवते ना, त्याला अ‍ॅक्सल, हब (चाकाचा मधला भाग), कमानपाटे, यू-बोल्ट सगळं समजते. ट्रेलरचा सांगाडा ट्रॉलीचाच लहान भाऊ आहे. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर फिरायचा सीझन सुरू व्हायच्या आधी, बेअरिंग उघडून ग्रीस बदलाच.

पद्धत अशी. सपाट पक्क्या जागी उभा करा, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड नाहीतर लाकडाचा ठोकळा लावा. नट जरासे ढिले करून मग जॅक लावा, खाली स्टँड ठेवा, नुसत्या जॅकवर भरोसा ठेवून खाली हात घालू नका. चाक काढलं की हबची टोपी काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, खाचांचा नट आणि वॉशर काढा, बाहेरचं बेअरिंग हातात येते, मग हब ओढला की आतलं बेअरिंग आणि सील. दोन्ही बेअरिंग रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये ब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा आणि उजेडात एकेक रोलर फिरवून पाहा. निळसर डाग असला म्हणजे ते गरम होऊन गेलेलं आहे, बारीक खड्डे असले म्हणजे संपलेलं आहे, दोन्हीत नवीनच टाका आणि त्याच्यासोबत हबातली बाहेरची कडीही बदला, कारण जुन्या कडीत नवीन बेअरिंग टिकत नाही.

ग्रीस भरायचं ते वरून चोपडून नाही. तळहातावर चांगला गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्याच्यात दाबत राहा, दाबत राहा, जोवर ग्रीस रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूनं बाहेर येत नाही तोवर. मग थोडं फिरवून पुढचा भाग. सील दरवेळी नवीन, स्वस्त वस्तू आहे. हब बसवून चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळा, मग थोडा सोडा, मग नुसत्या बोटानं जेवढा आवळेल तेवढाच ठेवा, आणि नवीन स्प्लिट पिन. नट जास्त आवळला तर बेअरिंग तापते, ढिला राहिला तर चाक लडबडते. निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर थांबून हबजवळ हात नेऊन पाहा, सगळ्या चाकांचा अंदाज घ्या, एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तिथंच थांबायचं. चाकाचे नटही पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

टायर नक्षीवर जाऊन पाहू नका. ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने उभा राहते, नक्षी नवीच दिसते आणि रबर आतून वाळून गेलेलं असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 असले म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. पाच-सहा वर्षं झाली की मी तरी बदला म्हणेन, त्यात आपल्याकडचं ऊन. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा, दुपारी रस्त्यावर प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा काढू नका.

जिनिंगच्या काट्यावर वजन करा

ट्रेलर मागं नागासारखा डुलते त्याचं सगळ्यात मोठं कारण हुकावर वजन कमी असणं. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर यायला पाहिजे, म्हणजे 1000 किलोच्या ट्रेलरला 100 ते 150 किलो. मोजायला कापसाच्या जिनिंगचा नाहीतर कोणताही धर्मकाटा चालते. आधी ट्रेलर गाडीपासून सोडून पूर्ण काट्यावर घ्या, ते एकूण वजन. मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर आणि गाडी काट्याच्या बाहेर ठेवून वजन घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे हुकावरचा भार. मोठा काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवते, अंदाजाला पुरे. जसं सामान भरून तुम्ही निघता तसंच भरून करा, पाण्याच्या टाकीसह, कारण 100 लिटर पाणी म्हणजे सरळ 100 किलो, आणि ती टाकी अ‍ॅक्सलच्या मागं असली तर सगळा तोल बिघडते.

सेफ्टी चेन दोन, आणि त्या ट्रेलर ओढायच्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून फुलीसारख्या लावायच्या, हुक सुटलाच तर दांडी रस्त्यात न घुसता चेनवर पडते. भरून 750 किलोच्या वर जात असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेच असं माझं ठाम मत आहे. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट करायचा असेल तर उतरताना गिअर लहान ठेवा, ब्रेकवर पाय दाबून उतरू नका. मागचे लाइट लागत नसले तर बल्ब बदलायच्या आधी अर्थिंगची वायर घासून पाहा, बहुतेक वेळा तिथंच गंज असतो.

छत, मृग लागायच्या आत

पाणी गळून प्लायवूड सडलं की ट्रेलरची किंमत गेली. म्हणून मे महिन्यात सकाळी सकाळी, पत्रा तापायच्या आधी, वर चढून सगळे सांधे, खिडकीच्या चौकटी, स्क्रूची डोकी पाहा. आतून कोपऱ्यांत अंगठ्यानं दाबत जा, कुठं मऊ लागलं तर पाणी तिथूनच येऊन राहिलं असं नाही, ते वरून कुठूनही शिरून तिथं जमा झालेलं असू शकते, म्हणून वरचा सांधा शोधा. जुनं सीलंट पूर्ण खरवडून, जागा स्पिरिटनं पुसून, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, आणि पट्ट्या-चौकटी काढल्याच असतील तर खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावून बसवा. साधं सिलिकॉन टाळा, त्याच्यावर नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही, रंगही नाही.

मग छतावर उष्णता परतवणारा पांढरा कोट द्या, दोन हात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, छताला हात लागत नाही तेव्हा या कोटाचा फरक आत लगेच कळते, आणि सगळ्या अपग्रेडमध्ये हा स्वस्तात जास्त फायद्याचा. आतल्या बाजूनं पत्रा आणि प्लायच्या मधी थर्माकोलपेक्षा एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमची, शीट बसवली तर चांगली, ती ओल धरत नाही.

पाणी

अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी, नाहीतर कुठल्याही खोल बोअरचं जड पाणी टाकीत भरून ठेवलं की नळात, पंपात, शॉवरच्या भोकांत पांढरा थर बसते. टाकीत भरतानाच पाइपला गाळाचा फिल्टर लावा. सीझन संपला की कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे दुकानात लिंबूसत म्हणून मिळते ते, विरघळवून टाकीत टाका, पंप चालवून नळापर्यंत आणा, काही तास ठेवून काढून टाका आणि दोनतीनदा साध्या पाण्यानं धुवा.

जंतू मारायचं काम वेगळ्या दिवशी. 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं औषध, लिटरमागं 1 मिली, म्हणजे 100 लिटरच्या टाकीला 100 मिली, चार तास ठेवा आणि क्लोरीनचा वास जाईपर्यंत धुवा. लिंबूसत आणि हे औषध कधीच एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होते, आणि ट्रेलरची खोली केवढीशी असते.

बॅटरी, सोलर आणि कूलर

हिशोब आधी वहीत करा. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी (तिचा खरा व्होल्टेज 12.8 धरतात) म्हणजे अंदाजे 1280 वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड असली तर त्याच्या निम्मेच वापरा, नाहीतर लवकर मरते. एक टनाचा एसी तासाला हजारेक वॉट-तास खाते, म्हणजे तासाभरात खेळ खलास. उन्हाळ्यात आपल्या कोरड्या हवेत कूलरच बरा, 12 व्होल्टचा लहान डीसी कूलर 60 वॉटचा धरला तर आठ तासांची रात्र 480 वॉट-तासांत निघते. फक्त त्याच्यासमोरची खिडकी बोटभर उघडी पाहिजे, हवा बाहेर निघाली नाही तर आत नुसती दमट होते. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, तेव्हा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, पंखा.

200 वॉटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला 800 वॉट-तासांच्या आसपास देते. पॅनल तापलं की उत्पादन घटते, 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के, म्हणून पॅनल छताला चिकटवू नका, खालून हवा जायला तीन-चार बोटं जागा ठेवा. आणि पुष्कळशा लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची हद्द 45 अंशांच्या आसपास असते, आपल्याकडे उन्हात उभ्या लोखंडी पेटीत त्याच्यावर सहज जाते, म्हणून बॅटरी दांडीवरच्या पेटीत नको, आत खाली, हवा खेळेल अशी ठेवा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. वायर जाड घ्या, 12 व्होल्टवर 100 वॉटला 8 अँपिअरच्या वर करंट जाते.

गॅसचं थोडक्यात. पाच किलोचं सिलिंडर बास होते, एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून त्याच्या कप्प्याला बाहेरच्या बाजूनं खाली भोकं पाहिजेत, दरवेळी साबणाचं पाणी लावून जोड तपासा, रबरी नळी पाच वर्षांत बदला, गाडी चालू असताना सिलिंडर बंद. थंडीत शेगडी पेटवून आत झोपायचं नाही, काहीही झालं तरी.

उभा करताना

पाऊस पडून गेलेल्या वावरात ट्रेलर नेऊ नका, काळी माती वरून वाळलेली दिसते अन् आत चाक गच्च धरते. मुरूम असलेली जागा पाहा, कोपऱ्याच्या जॅकखाली फूटभर लांबी-रुंदीच्या जाड लाकडी फळ्या ठेवा. हे कोपऱ्याचे जॅक हलणं थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नाही. ताडोबा-मेळघाटच्या बाजूनं जात असाल तर जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, गावातल्या कोणाच्या जागेत, त्यांना विचारून उभा करा.

चार महिने घरी उभा राहणार असेल तर ताडपत्रीनं आवळून बांधू नका, आत दमटपणा कोंडून बुरशी येते, वर शेड घाला आणि वरची खिडकी जाळीसह थोडी उघडी ठेवा. पाइप-वायरी जिथून आत येतात त्या फटींत बारीक लोखंडी जाळी कोंबून वरून सीलंट भरा, कापूस-सोयाबीन घरात आलं की उंदीर वाढतात आणि वायरी त्यांना फार आवडतात. चाकं ठोकळ्यावर घ्या, टायर पोत्यानं झाका, बॅटरीचा मेन स्विच बंद करा, आणि महिन्यातून एकदा दार उघडून आत वास घेऊन पाहा, ओलीचा वास आला तर त्याच दिवशी छत तपासा.