लग्नाचे फोटो पाठवायला ॲप घेताय? या चुका टाळा

चोपडा-यावल भागात मी लग्नाचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न झालं की ॲपवाल्यांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येक जण फोटोग्राफरचा फायदा सांगतो. पण फोटो उघडणार कोण? नवरीची सुरतेतली मावशी, नवरदेवाचे गावाकडचे आजोबा. त्यांना ॲप डाउनलोड करा म्हटलं, की अर्धे जण तिथेच थांबतात. लिंक दाबली की साध्या ब्राउझरमध्ये गॅलरी उघडली पाहिजे, हे मी सगळ्यात आधी बघतो.

दुसरी चूक म्हणजे ॲपवाल्याचे पन्नास नमुना फोटो बघून पैसे भरणं. तुमच्याच एका लग्नावर चाचणी घ्या. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची जेपेग साधारण १० एमबीची धरली, तर ४,००० फोटोंचे ४० जीबी होतात. १० एमबीपीएस अपलोड स्पीड असेल तर सलग नऊ तास लागतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सलग नऊ तास लाईट राहील याचा भरवसा नाही. म्हणून अपलोड मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होतं का, हे राऊटर बंद करून बघा. फुकटात भागवायचं म्हणाल तर गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद आहे. आता मिळतात १५ जीबी, तेही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर त्याची फाईल लहान होते आणि दर्जा उतरतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सेल्फीवरून आपले फोटो शोधायची सोय पाहुण्यांना फार आवडते. पण आपल्याकडे नवरदेवाच्या गालांवर मुंडावळ्या, हळदीला तोंड पिवळं, बायकांच्या डोक्यावर पदर. चेहरा झाकला की ॲप चुकतं. पाहुण्याला फोटो सापडत नसतील तर उजेडात, गॉगल काढून, समोरून सेल्फी घ्यायला सांगा. तरीही न सापडणारे राहतातच, म्हणून साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन असे फोल्डर वेगळे ठेवा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आम्ही दोघं फोटोग्राफर एकाच कंपनीच्या कॅमेऱ्यांवर काम करत होतो आणि दोन्हीत फाईलची नावं सारखीच पडत होती. पार्टीने, म्हणजे लग्नघरच्यांनी, ॲपमध्ये अल्बमचं सिलेक्शन केलं, मी नंबरावरून मूळ फाईल काढल्या. कन्यादानाचा फोटो मागितला होता. त्या नंबरावर दुसऱ्या कॅमेऱ्यातली वरण-बट्टीची पंगत निघाली. अल्बम छापायला गेला नव्हता म्हणून वाचलो, पण सगळं सिलेक्शन पुन्हा जुळवायला दोन रात्री गेल्या. तेव्हापासून अपलोडच्या आधीच प्रत्येक कॅमेऱ्याच्या फाईलना वेगळं अक्षर लावतो आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं लग्नघरी पोचल्यावर मिळवून घेतो. नाहीतर अल्बममध्ये मंगलाष्टकांच्या आधीच सप्तपदी येते. ॲप फाईलचं नाव बदलतं का, आणि निवडलेल्या फोटोंच्या नावांची यादी काढून देतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

फोनवर हळदीचा रंग मळका दिसत असेल तर ॲपला दोष देण्याआधी एक्स्पोर्ट, म्हणजे एडिटिंगनंतर फाईल बाहेर काढतानाची सेटिंग, तपासा. ॲडोब आरजीबी आणि एसआरजीबी या फोटोतले रंग साठवायच्या दोन पद्धती आहेत. ॲडोब आरजीबीत काढलेला फोटो एसआरजीबीत करून टाकला की बहुतेक वेळा रंग जागेवर येतो.

पिन न लावता लिंक सोडणं ही मला सगळ्यात वाईट चूक वाटते. हळदीत ओल्या साडीतल्या बायका असतात, नवरीच्या खोलीत तयारी चाललेली असते. घरच्यांनी आपल्याला विश्वासाने आत घेतलेलं असतं. ती लिंक गावच्या ग्रुपवर गेली की कुणाच्या हातात राहत नाही. घरच्यांची गॅलरी पिनसह वेगळी, पाहुण्यांची वेगळी ठेवा, आणि पाहुण्यांच्या गॅलरीत काय जाईल हे नवरीला आणि तिच्या आईला आधी दाखवा. चेहऱ्यावरून शोध सुरू करणार असाल तर तेही घरात सांगून, विचारून करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते.

ॲपची वर्गणी संपली की गॅलरीचं काय होतं, हेही लेखी घ्या. गॅलरी किती दिवस उघडी राहील ती तारीख पार्टीच्या बिलावर लिहा. मूळ फोटो दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक स्टुडिओत आणि एक घरी.