दिल्लीला जायचं तर आधी वार बघा

आपल्याकडे विदर्भात कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे पोरासोरांनाही पाठ असतं. दिल्लीत कोणत्या वारी काय बंद असतं, ते पाठ करावं लागतं. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम आणि गांधी स्मृती बंद. त्याच दिवशी सरोजिनी नगर, लाजपत नगर, करोल बाग हे बाजारही बंद. रविवारी चांदणी चौक आणि खारी बावली या मसाल्याच्या बाजारातली बहुतेक शटरं खाली. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत. परतताना आग्र्याला उतरायचा बेत असेल तर ताजमहालही शुक्रवारीच बंद. तेव्हा सोमवारी गाडीत बसा, मंगळवारी उतरा आणि शुक्रवारी परतीची गाडी धरा. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुटी घेणाऱ्यांच्या वाट्याला अर्धी दिल्ली कुलूपबंदच येते.

महिना म्हणाल तर फेब्रुवारीचा मधला काळ, तूर घरात आल्यावर आणि हरभरा सोंगणीला यायच्या आत. दिवाळीनंतर धुरानं डोळे चुरचुरतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या कित्येक तास रखडतात आणि परतीचा सगळा हिशेब कोलमडतो. फेब्रुवारीतही सकाळी स्वेटर लागतोच. याच दिवसांत राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान उघडतं. प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी ऑनलाइन घेतलेली बरी आणि सोमवारी तेही बंद.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. बल्लारशा, चंद्रपूर, सेवाग्राम आणि नागपूरवरून दिल्लीच्या गाड्यांना तोटा नाही. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन नीट वाचा. काही गाड्या नवी दिल्लीला जातात, काही हजरत निजामुद्दीनलाच थांबतात, आणि मुक्काम भलत्या टोकाला असला की पहिल्याच सकाळी रिक्षावाल्याचं फावतं. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये चढू नका, उतरवतात. शिदोरीला तिखटमिठाच्या पुऱ्या, फल्लीची चटणी आणि तेलातला ठेचा पुरे. ठेचा संपवू नका, दिल्लीतही त्याची आठवण येईल. तिथल्या भाज्यांत तूप आणि गरम मसाला सढळ, पण आपल्या जिभेला लागणारा झणका नाही.

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. पहाडगंजची बाजू स्वस्त लॉजची, तर अजमेरी गेटची बाजू मेट्रोची. बाहेर पडताच कोणीतरी गोड बोलून सांगेल की तुमचं हॉटेल बंद झालं, किंवा तिकीट रद्द झालं, चला ‘टूरिस्ट ऑफिस’ला. जाऊ नका. हॉटेलचा नंबर स्वतः लावून विचारा. आपल्याला हिंदी येते, पण म्हणून अशा माणसाशी वाद घालत उभं राहायची गरज नाही. तिथून सरळ निघा. खोली ठरवताना गरम पाणी नळाला येतं की बादलीनं मिळतं, आणि चेकआउट चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं, एवढं विचारा. सकाळच्या गाडीनं उतरणाऱ्याला बाराचं चेकआउट महागात पडतं, कारण पहिल्या दिवसाचे दोन-तीन तासच हाती लागतात.

मेट्रोच्या नकाशातले रंग बघून घाबरू नका. चार दिवसांची बहुतेक दिल्ली एकट्या पिवळ्या लाइनवर होते. सिव्हिल लाइन्स, चांदणी चौक, नवी दिल्ली, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय, लोक कल्याण मार्ग, आयएनए आणि कुतुब मिनार ही सगळी स्टेशनं याच लाइनवर, याच क्रमानं आहेत. प्रत्येकाला वेगळं स्मार्ट कार्ड घ्या. एकाच कार्डावर दोघं आत गेले की बाहेर पडताना दुसरा अडकतो. गाडीचा पहिला डबा बायांसाठी राखीव असतो, नवरा-बायको वेगळ्या डब्यांत चढणार असतील तर उतरायचं स्टेशन आधी बोलून ठेवा. सामान यंत्रातून तपासतात, तेव्हा अडकित्ता, चाकू खोलीवरच ठेवा. खर्राही तिथेच ठेवा. गुरुद्वारात तंबाखू चालतच नाही आणि मेट्रोत थुंकलं की दंड.

मंगळवारी आंघोळ करून केंद्रीय सचिवालयला उतरा आणि कर्तव्य पथावरून इंडिया गेटकडे पायी निघा. अंतर दीड-दोन किलोमीटर आहे. 42 मीटर उंचीच्या कमानीमागेच 2019 साली झालेलं राष्ट्रीय समर स्मारक आहे, प्रवेश फुकट. गावातला कोणी जवान शहीद झाला असेल तर तिथल्या दगडांवर त्याचं नाव शोधता येतं. संध्याकाळी बंगला साहिब गुरुद्वारात जा. डोकं झाकायचं, चपला जोडाघरात द्यायच्या आणि लंगरला पंगतीत बसायचं. पोळी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घेतात.

बुधवार जुन्या दिल्लीसाठी अख्खा मोकळा ठेवा. लाल किल्ला सकाळी साडेनऊला उघडतो आणि दुकानं अकराच्या आसपास, म्हणून किल्ला आधी. तिकीट मोबाइलवर काढलं तर रांग वाचते, 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शहाजहानचा हा किल्ला 1648 मध्ये पुरा झाला. दोन तासांत बघून होतो. बाहेर आलात की फतेहपुरी मशिदीच्या दिशेनं चालत सुटा. दिवसा चांदणी चौकाच्या या रस्त्यावर मोटारी नसतात.

वाटेत डावीकडे दरीबा कलां लागतं, चांदीची गल्ली. पैंजण, जोडवी घेताना आधी वजन, मग त्या दिवसाचा भाव आणि शेवटी मजुरी असे तीन आकडे वेगवेगळे विचारा. एकदम ‘अमुक रुपये’ सांगणाऱ्याकडून घेऊ नका. त्याला लागूनच किनारी बाजार. घरात लग्न असेल तर गोटा, जरीची किनार, फेट्याचं सामान इथे स्वस्त पडतं, पण बरेच जण अख्खं थानच देतात, मीटरवर तोडून देत नाहीत. दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर परवडतं. लग्नपत्रिका चावडी बाजारात मिळतात. तिथे मराठी मजकूर छापून घेऊ नका, ‘ळ’चा ‘ल’ होऊन येतो. कोऱ्या पत्रिका आणा आणि गावाकडे छापा.

पोट पराठेवाली गलीत भरा. पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तुपात तळतात, म्हणून दोघांत तीन पुरे. सोबत आलू-मटर, भोपळ्याची भाजी आणि आंबट-गोड चटणी असते.

खारी बावली सगळ्यात शेवटी, कारण तिथून पिशवी जड होते. आधी मिरचीच्या ठसक्यानं खोकला येईल, रुमाल हाताशी ठेवा. मिरची आणि हळद इथून आणू नका. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी ती दिल्लीहून कशाला उचलायची? घ्यायचं तर काजू, बदाम, मनुका, हिंग. काजूला 240, 320 असे आकडे असतात, म्हणजे एका पौंडात, साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, सुमारे तेवढे दाणे. आकडा लहान तितका दाणा मोठा आणि भाव चढा. लाडूत कुटून घालायचा असेल तर तुकडा घ्या, मोठ्या दाण्याला जास्तीचे पैसे कशाला? चव ज्या पोत्यातली बघितली त्याच पोत्यातून समोर मोजून घ्या. वरचा थर चांगला आणि खालचा जुना, हा प्रकार तिथेही आहे.

गुरुवारी सकाळी कुतुब मिनार. स्टेशनपासून मिनार लांब आहे, रिक्षा करावी लागते. परतताना आयएनएला उतरलं की समोरच दिल्ली हाट. प्रवेशाला तिकीट आहे आणि वस्तू महाग, पण एका आवारात अनेक राज्यांचं जेवण मिळतं. कपडे सरोजिनी नगरला. ज्या ढिगावर भावाची पाटी असेल तिथे घासाघीस करू नका, बाकी ठिकाणी निम्म्यापासून सुरू करा. शिवण, चेन आणि डाग उजेडात बघा, परत घेत नाहीत.

शुक्रवारी सिव्हिल लाइन्सहून 26, अलीपूर रोडला जा. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं ती ही जागा. आजचं स्मारक 2018 मधलं. दीक्षाभूमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे चुकवू नये. नंतर लोक कल्याण मार्गाला उतरून गांधी स्मृती. सेवाग्रामची कुटी पाहिलेल्या माणसाला इथल्या अंगणात सिमेंटमध्ये उमटवलेली पावलं 30 जानेवारी 1948 च्या त्या जागेपर्यंत घेऊन जातात. सामान तोवर स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. त्यासाठी प्रवासाचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप असावं लागतं. बोचकं घेत नाहीत, म्हणून घरून निघतानाच एक कुलूप जास्तीचं घ्या.