उन्हाळ्यात जखमेची निगा कशी राखावी

उन्हाळ्यात जखम लवकर चिघळते असं घरोघरी म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे. फक्त खापर उन्हावर फुटतं, ते चुकीचं. जखम भरणाऱ्या पेशींना शरीराची ३७ अंशांची ऊब मानवतेच. घोळ घालतो तो घाम. पट्टीखाली घाम साचला की भोवतालची कातडी पांढरट आणि लिबलिबीत होते, चिकटपट्टी सुटते आणि जंतूंचं फावतं. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात घाम निदान वाळतो. मुंबईत आणि कोकणात पारा ३४ वर असला तरी तो अंगावरच राहतो, त्यामुळे तिकडे पट्टी जास्त वेळा बदलावी लागते.

१. रक्त थांबवा, मग धुवा
स्वच्छ कापड जखमेवर १० मिनिटं सलग दाबून धरा. थांबलं का हे बघायला सारखं उचलू नका. मग पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली माती, खडे निघून जाईपर्यंत धुवा. टँकरचं पाणी असेल तर ते उकळून, गार करून वापरा. गच्चीवरच्या टाकीचा नळ दुपारी सोडला तर आधीचं तापलेलं पाणी जाऊ द्या. साबण फक्त कडेच्या कातडीला लावा. हळद, चुना, कॉफीची पूड, टूथपेस्ट यांतलं काहीही जखमेत भरू नका; डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावं लागतं. कुत्रं चावलं असेल तर मात्र जखमच साबणाने १५ मिनिटं धुवायची, पट्टी न बांधता लगेच दवाखाना गाठायचा.

२. धनुर्वाताचं इंजेक्शन
लहानपणीच्या लसी पूर्ण असतील आणि जखम स्वच्छ असेल, तर शेवटच्या डोसला १० वर्षं झाली असल्यास पुन्हा घ्यावं लागतं. माती, शेण, गंजका खिळा असा मामला असेल तर ५ वर्षंच धरा. कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

३. पट्टी: जखम ओलसर, कडा कोरड्या
‘उघडी ठेव, हवा लागू दे’ हा सल्ला उन्हाळ्यात हमखास मिळतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. खपली कडक वाळली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. म्हणजे जखमेला ओल हवी, पण तिची स्वतःची, घामाची नव्हे.

साध्या खरचटण्यावर किंवा कापल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, त्यावर गॉझ ठेवा. कापूस थेट जखमेवर नको, तंतू चिकटतात. भोवतालची कातडी टिपून पूर्ण कोरडी करा आणि मगच कागदी चिकटपट्टी लावा. घामट कातडीवर लावलेली पट्टी तासाभरात लोंबायला लागते. कोपर, गुडघा असेल तर वरून गॉझची गुंडाळी सैलसर बांधा. ‘पाणी लागू नये’ म्हणून वर प्लास्टिकची पिशवी बांधून दिवसभर हिंडणं हा तर घाम कोंडायचा हमखास उपाय! पावडरही नको, तिचे गोळे होतात.

पट्टी दिवसातून एकदा बदलाच. भिजली किंवा सुटली तर लगेच. बदलायला संध्याकाळची अंघोळ झाल्यावर, पंख्याखाली अंग निवल्यानंतरची वेळ बरी. टाके असतील तर पहिले दोन दिवस कोरडे ठेवायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. जखम भरेपर्यंत विहिरीत किंवा तलावात पोहणं बंद, मुलांनी कितीही तोंड पाडलं तरी.

४. माश्या
आंबे-फणसाच्या दिवसांत घरात माश्या वाढतात. काही माश्या उघड्या जखमेत अंडी घालतात आणि त्यातून अळ्या होतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांत हा धोका जास्त, म्हणून त्यांची जखम झाकलेली हवी आणि दुपारीही मच्छरदाणी हवी. अळ्या दिसल्या तर घरी फिनाईल वगैरे ओतू नका, रुग्णालयात न्या.

५. मधुमेह असेल तर तळपाय पाहा
पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटका कळतच नाही. घरी आल्यावर फोड दिसतो. भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा टाळा, किमान मोजे घाला. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, स्वतःला वाकवत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. फोड फोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

६. खाणंपिणं
अंगातलं पाणी कमी झालं की कातडीचा रक्तपुरवठा आटतो आणि जखम रेंगाळते. पाणी, ताक, सरबत पीत राहा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून. ‘आंबट खाल्लं की पू होतो’ म्हणून लिंबू बंद करतात, ते उलटच आहे: नवी कातडी बनायला क जीवनसत्त्व लागतं. डाळ, दूध, अंडी कमी करू नका.

७. दवाखान्यात कधी जायचं
दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, लाली पसरत गेली, पू किंवा घाण वास आला, जखमेपासून वर लाल रेघ दिसली, तर थांबू नका. उन्हाळ्यात अंग असंही गरम लागतं, तेव्हा हात लावून ताप ठरवू नका, थर्मामीटरवर १००.४ किंवा जास्त असेल तर तो ताप. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर उन्हात जाताना अंग झाकून घ्या, त्या गोळ्यांनी कातडी लवकर भाजते. मलमाची ट्यूब गाडीत ठेवू नका. भरून आलेल्या जखमेचा व्रण उन्हाने काळा पडतो, म्हणून पुढचे काही महिने तो कापडाने झाका किंवा त्यावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा; कातडी पूर्ण जुळण्याआधी मात्र नाही.