तेनुगुईच्या कडा उसवतायत, रंग सुटतोय? आधी या चुका टाळा

जपानहून कुणी तेनुगुई आणून दिला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "अरे, हा तर पंचा!" तुलना चुकीची नाही. पातळ सुती कापड, साधी वीण, रुंदी साधारण 34-35 सेंटिमीटर आणि लांबी 90 ते 100. जपानी लोक त्याने हात पुसतात, तो डोक्याला बांधतात, त्यात बाटली गुंडाळून भेट देतात. केंडो, म्हणजे बांबूच्या तलवारींचा जपानी खेळ, खेळणारे शिरस्त्राणाखाली तोच बांधतात. राकुगो सांगणाऱ्या कथेकऱ्याजवळ तर पंखा आणि तेनुगुई एवढंच सामान असतं. त्याच्या हातात तेनुगुईचं कधी पत्र होतं, कधी पैशाचं पाकीट.

तेनुगुईबद्दलच्या बहुतेक तक्रारी तो कसा बनतो हे माहीत नसल्यामुळे होतात, असं मला अनुभवाने वाटतं. म्हणून चुकांबरोबर रंगाऱ्याच्या कामाबद्दलही सांगते.

कडा शिवून टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे. माझा पहिला तेनुगुई घडीतून उघडला तर दोन्ही आखूड कडा नुसत्या कापलेल्या, दोरे लोंबत होते. शिवायचं राहून गेलं असेल असं समजून मी कड दुमडून टीप मारली. जुलै महिना होता, घर मुंबईत. मधलं कापड पंख्याखाली बघता बघता वाळायचं, पण टिपेची पट्टी रात्रीपर्यंत ओलसर राहायची. आठवड्याभरात तिला कुबट वास येऊ लागला. शेवटी एकेक टाका उसवला.

कड उघडी ठेवण्याचं कारण हेच. दुमड नाही, त्यामुळे पाणी आणि मळ अडकून राहत नाही. शिवाय वेळ पडली तर कापड हाताने सरळ फाडता येतं. पूर्वी जखमेला पट्टी लागली किंवा चपलेचा पट्टा तुटला की तेनुगुईच फाडत.

लांब बाजूंना विणकामातलेच काठ असतात, त्यामुळे त्या सुटत नाहीत. आखूड बाजूचे आडवे धागे, म्हणजे बाणा, तेवढे सुटतात. सुटलेला धागा ओढू नका, कापडाला चुण्या पडतात. कात्रीने कापा. काही धुण्यांनंतर अर्धा-एक सेंटिमीटरची झालर तयार होते, ताण्याचे, म्हणजे लांबीतले उभे, दोरे एकमेकांत गुंततात आणि उसवणं आपोआप थांबतं.

पुसट रेघ म्हणजे खोट, असं समजणं

"डिझाइनची कड धारदार नाही, रंग जरा फुटलाय," असं म्हणून चांगला तेनुगुई परत करणारे लोक मी पाहिले आहेत. तो फुटलेला रंग चूसेन पद्धतीची ओळख आहे. चूसेन म्हणजे ओतून रंगवणं. ही पद्धत मेइजी काळात (1868-1912) ओसाका भागात वाढली. त्या भागातलं साकाई शहर आजही तिचं मोठं केंद्र आहे, आणि तोक्यो व हामामात्सु इथेही हे काम चालतं. 2019 मध्ये ओसाकाच्या या कामाला 'नानिवा होन्झोमे' या नावाने जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

कामाची रीत अशी. लाकडी चौकटीत नक्षी कापलेला साचा ताणलेला असतो. हे साचे मुळात कातागामी, म्हणजे पर्सिमन फळाच्या तुरट रसाने पक्क्या केलेल्या कागदाचे. मिए प्रांतातलं सुझुका शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. कापड पसरायचं, त्यावर साचा टेकवायचा आणि लाकडी पट्टीने रंग अडवणारी खळ ओढायची. चौकट उचलायची, कापडाची पुढची घडी बरोबर त्याच जागी आणायची, पुन्हा खळ. असे वीस-तीस थर एकावर एक बसतात. एखादी घडी जराशी सरकली तरी तिथली नक्षी बिघडते. खळ चिकटू नये म्हणून वर लाकडाचा भुसा टाकतात. राजस्थानच्या दाबू छपाईतही चिखलाच्या खळीवर भुसाच पेरतात. दोन देशांतल्या रंगाऱ्यांना एकाच अडचणीवर एकच उपाय सुचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग मेंदीच्या कोनासारख्या नळीने प्रत्येक रंगाभोवती खळीचा बांध घालतात आणि लांब चोचीच्या झारीने रंग ओततात. टेबलाखालून पंप हवा ओढून घेतो, त्यामुळे रंग सगळ्या थरांतून खाली उतरतो. पूर्ण गठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही तेच. बांध असल्यामुळे एकाच साच्यावर अनेक रंग घेता येतात. दोन झाऱ्या हाती घेऊन एका रंगातून दुसऱ्यात अलगद जाणारी छटाही काढता येते. रंग धाग्याच्या आत जात असल्याने कापडाला उलटी-सुलटी बाजू उरत नाही.

म्हणून विकत घेताना तेनुगुई पालथा करून बघा. मागची बाजू फिकी आणि रेघ अगदी काटेकोर असेल तर तो बहुधा छापील. छापील माल वाईट असतो असं नाही, बारीक चित्रं त्यातच खुलतात. फक्त चूसेनच्या भावाने घेऊ नका.

पहिल्याच धुण्यात मशीनमध्ये टाकणं

गडद निळा, लाल, काळा तेनुगुई सुरुवातीला थोडा रंग सोडतोच. पहिल्या तीन-चार वेळा एकटाच, गार पाण्यात, हाताने खळबळा. भिजवून विसरू नका, कारण गडद रंग शेजारच्या पांढऱ्या भागावर चढतो. गरम पाणी आणि ब्लीच नको. पांढरेपणा वाढवणारी पावडरही नको, फिकट छटा बदलतात. पिळून लगेच झटका, काठ ओढून सरळ करा आणि सावलीत वाळवा. ड्रायरमध्ये चुण्या पडतात आणि कडाही जास्त सुटतात.

नवा तेनुगुई पाणी शोषत नाही ही तक्रारही नेहमीची. त्याला टर्किश टॉवेलसारखे फासे नसतात, आणि नवेपणी कापड थोडं ताठ असतं. वापरा, धुवा. महिन्याभरात तो मऊ होतो आणि पाणी ओढू लागतो.

घरी रंगवताना होणारे घोळ

इथे सगळ्यात जास्त कापड वाया जातं. पहिली चूक म्हणजे दुकानातून आणलेलं कापड थेट रंगात घालणं. कोऱ्या कापडात मांड, मेण, तेल असतं. रंगाच्या वाटेत हा मांडच झारीतला शुक्राचार्य. साकाईत इशिझु नदीच्या काठी कापड शुभ्र करणारे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. तिथे कापड मोठ्या भांड्यात सावकाश, दीर्घकाळ शिजवतात, म्हणजे धागा दबत नाही आणि रंग आत शिरतो. घरी निदान धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा आणि स्वच्छ धुवा. मग पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो लगेच पसरला तर कापड तयार. मणी होऊन बसला तर पुन्हा उकळा. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड घेऊच नका, घरी वापरायचे रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक बंध करून पक्के होणारे रंग, त्यावर बसत नाहीत.

दुसरी चूक थरांची. पंप नसताना वीस घड्या घातल्या तर मधले थर पांढरेच राहतात. चार-सहा घड्या पुरेत.

रिअॅक्टिव्ह रंगात धुण्याचा सोडा कालवला की त्याची ताकद काही तासांत उतरते, म्हणून लागेल तेवढाच कालवा. रंगवलेलं कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ओलं ठेवा. वाळलं तर रंग पकडत नाही. धुताना आधी गार पाणी, ते स्वच्छ निघालं की गरम. पावडर हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच, आणि त्या भांड्यात पुन्हा कधीही स्वयंपाक करू नका.

खळ वाळून तडकली तर भेगांतून रंग झिरपतो. जपानी साचा-छपाईत चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा शिजवून खळ करतात. ती वाळून ठिसूळ होऊ नये म्हणून तिच्यात थोडं मीठ घाला.

आणि हळद

आपल्या स्वयंपाकघरात आलेल्या तेनुगुईला हळद लागणारच. साबण लावला की डाग लाल होतो आणि माणूस घाबरून ब्लीच शोधतो. तसं करू नका, रंग जाईल. लाली अल्कलीमुळे येते, नीट खळबळली की ती उतरते. उरलेला पिवळेपणा उन्हात जातो. तेनुगुईची घडी अशी घाला की डागाचा भाग तेवढा वर राहील, बाकीच्यावर जाड कापड टाका आणि तास-दोन तास उन्हात ठेवा. मध्ये एकदा डोकावून बघा, आणि डाग फिकटला की लगेच सावलीत घ्या.